तंबोरा तुटता कामा नये: घरच्या हाय-फायसाठी डिजिटल सोर्स निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका वाचकांकडे वडिलांनी घेतलेला जुना इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकरची जोडी आहे. दोन्ही ठणठणीत चालतात. सीडी प्लेअर मात्र आता कुठलीही सीडी घातली की ‘नो डिस्क’ दाखवून थांबतो. घरात साडेतीनशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय गायनाच्या, बाकी नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं. त्यांतल्या वीसेक सीडी वडिलांनी स्वतः कॉपी करून घेतलेल्या घरगुती मैफलींच्या आहेत. खर्चाची तयारी चाळीस हजारांची. नवा सीडी प्लेअर घ्यावा, स्ट्रीमर (नेटवर्कवरून संगीत वाजवणारं यंत्र) घ्यावा, की लॅपटॉपला चांगला डॅक (डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरला समजेल असा करणारा डबा) जोडावा? आणि ‘हाय-रेस’ (सीडीपेक्षा जास्त बारकाईचा ध्वनी) नसेल तर पैसे वाया जातील का?

पुण्यात पंचवीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन अशा सिस्टिम जोडतोय आणि दुरुस्त करतोय. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. निष्कर्ष आधीच सांगतो. तुमच्या सीडी रिप करून, म्हणजे त्यांवरचं संगीत फाइलींत उतरवून, घरातल्याच एका छोट्या प्लेअरवर ठेवा, त्याला मध्यम किमतीचा डॅक लावा, आणि स्ट्रीमिंगला जोडीला ठेवा, आधार मानू नका. कुठला डॅक ‘जास्त गोड’ यावर रात्र जागवू नका. तुम्ही ऐकता त्या संगीतासाठी त्याहून मोठे प्रश्न वेगळेच आहेत, आणि ते दुकानात कुणी विचारत नाही.

आधी तो बंद प्लेअर. तो भंगारात टाकू नका. ‘नो डिस्क’चं सगळ्यात साधं कारण म्हणजे लेन्सवर बसलेली धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा. प्लग काढा, वरचं झाकण उघडा, मोत्याएवढी निळसर काच दिसेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस तिच्यावरून एकदाच, अजिबात दाब न देता फिरवा. ती लेन्स केसासारख्या बारीक आधारांवर तरंगत असते, जोर दिला की कायमची वाकडी होते. कापूस पिवळट निघाला तर घरात उदबत्ती लागते किंवा स्वयंपाकघर जवळ आहे असं समजा. एवढ्यानं निम्मे प्लेअर पुन्हा बोलायला लागतात. नाहीच बोलला तर लेसरचा पिकअप गेलाय. सोनीच्या केएसएस-२१३ जातीचे पिकअप इतक्या प्लेअरमध्ये वापरले गेले की बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला आजही मिळतात, फक्त नकली माल पुष्कळ आहे. ओळखीच्या कारागिराकडूनच बसवून घ्या. दुरुस्ती दोन-तीन हजारांत होत असेल तर जरूर करा. त्यापुढे जात असेल तर सोडून द्या.

नवा सीडी प्लेअर मी तुम्हाला सुचवणार नाही. सीडीचा आवाज कमी पडतो म्हणून नव्हे. सीडी बाजारात आली १९८२ मध्ये. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या या आकड्यांत माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं मावतं, ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. घरात पंखा चालू असताना आणि रस्त्यावर रिक्षा असताना त्यातला पाऊण भागही आपण वापरत नाही. अडचण आहे ती यंत्राची. फिरणारी मोटार, झिजणारा लेसर, ढिला पडणारा ट्रेचा पट्टा. आज चाळीस हजार घातले तरी सात-आठ वर्षांनी तुम्ही पुन्हा इथेच येऊन उभे राहाल. सीडीवरचा मजकूर एकदा नीट उतरवून घेतला की यंत्र बदललं तरी संगीत जागेवर राहतं.

आता मूळ मुद्दा.

विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होते ती जागा आठवा. गायक क्षणभर थांबतो, तबलजी नवी लय घेतो, आणि त्या सगळ्याखाली तंबोरा अखंड चालू असतो. सीडीवर बहुतेक वेळा इथेच ट्रॅक बदलतो. सीडीवर ट्रॅकची खूण म्हणजे वाहत्या नदीच्या काठावर लावलेला दगड, पाणी तिथे थांबत नाही. पण फाइली झाल्या की प्रत्येक ट्रॅक वेगळा तुकडा होतो, आणि पुढचा तुकडा वेळेवर उचलायची जबाबदारी प्लेअरवर येते. पुष्कळ प्लेअर ती पाळत नाहीत. तंबोरा मध्येच कापला जातो, अर्धा सेकंद शांतता होते, आणि पुन्हा सुरू होतो.

कोल्हापूरला एका घरी मी महागातला, देखणा नेटवर्क प्लेअर जोडायला गेलो होतो. घरातले काका सत्तरीच्या पुढचे, रोज पहाटे तास-दीड तास ऐकणारे. मी बडा ख्याल लावला, ते डोळे मिटून बसले. वीस मिनिटं अत्यंत सुंदर गेली. मग ट्रॅक बदलला आणि तंबोरा तुटला. काकांनी डोळे उघडले, हात वर केला आणि म्हणाले, “वीज गेली का?” दुसऱ्या राग-रेकॉर्डिंगला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, “हे आमच्या कामाचं नाही.” यंत्राच्या माहितीपत्रकात ३८४ किलोहर्ट्झपर्यंतचे आकडे होते. तंबोरा अखंड वाजवता येत नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कुठलाही सोर्स विकत घेण्याआधी हीच परीक्षा घेतो.

याला गॅपलेस प्लेबॅक म्हणतात. तुम्हीही दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर अशा दोन सलग फाइली घेऊन जा आणि सांधा ऐका. पॉप गाण्यांत हा दोष कधीच कळत नाही, कारण दोन गाण्यांत तशीही शांतता असते. म्हणूनच तो कित्येक यंत्रांत आजवर राहिला आहे. एमपीथ्रीमध्ये तर फाइल बनवतानाच सुरुवातीला आणि शेवटी थोडा रिकामा भाग चिकटतो, तो प्लेअरनं ओळखून काढला नाही तर सांधा राहणारच. फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात ही भानगड नाही, शेवटच्या नमुन्यापर्यंत सगळं जसंच्या तसं असतं. घरातल्या कॉम्प्युटरवरून डीएलएनए या नेटवर्कच्या पद्धतीनं संगीत पाठवत असाल तर आणखी एक गोम आहे. पुढचा ट्रॅक आधीच कळवून ठेवायची सोय त्या पद्धतीत आहे, पण ती ऐच्छिक आहे. काही कंपन्यांनी ती घेतलीच नाही. तेव्हा ‘डीएलएनए चालतं’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका.

ॲपच्या सेटिंगमध्येही दोन-तीन शत्रू दडलेले असतात. क्रॉसफेड चालू असेल तर एका रागाचा शेवट दुसऱ्या रागाच्या षड्जावर जाऊन पडतो. ऑटोप्ले चालू असेल तर मारवा संपल्यावर सावरायला दोन मिनिटं हवी असतात तिथे कुठलंतरी सिनेमाचं गाणं दणकन सुरू होतं. ‘नॉर्मलाइज’ चालू असेल तर ट्रॅकगणिक आवाजाची पातळी हलवली जाते. तिन्ही बंद करा.

दुसरा मुद्दा पातळीचा, आणि तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरसाठी तो फार महत्त्वाचा आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बरेचसे ॲम्प्लिफायर १५० मिलिव्होल्टच्या आसपास सिग्नल मिळाला की पूर्ण ताकद देतील अशा बेतानं बनवलेले असत, कारण तेव्हाचे ट्यूनर आणि कॅसेट डेक कमीच सिग्नल देत. सीडी प्लेअर आणि आजचे डॅक देतात दोन व्होल्ट. परिणाम असा की व्हॉल्यूमचं बटण घड्याळात आठ-नऊवर आलं तरी घर दणाणतं. आणि या खालच्या पट्ट्यातच जुन्या व्हॉल्यूम कंट्रोलचे डावे-उजवे भाग सारखे नसतात, त्यामुळे गायक मधोमध बसायचा सोडून एका बाजूला सरकतो. लोक याचा दोष नव्या डॅकला देतात आणि तो परत करून येतात. उपाय सोपा आहे. डॅक किंवा प्लेअरचा डिजिटल व्हॉल्यूम कायमचा उणे १२ डेसिबलवर ठेवा आणि नेहमीचं कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरच करा. यानं दर्जा घसरेल ही भीती नको. १२ डेसिबल म्हणजे दोन बिट, आणि आपली १६ बिटची सीडी आजचा डॅक २४ किंवा ३२ बिटच्या जागेत खेळवतो, तिथे वाव भरपूर आहे.

जोडायचं कुठे? ‘ऑक्स’, ‘ट्यूनर’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ यांपैकी कुठेही. ‘टेप मॉनिटर’चं बटण लोकांना कोडं वाटतं, पण ती साधी लाइन इनपुटच आहे. ‘फोनो’ला मात्र कधीही लावू नका. तिथे रेकॉर्डच्या सुईसाठीची प्रचंड वाढ आणि खर्जाची भर असते, आवाज फाटून घुमेल. जुन्या कलकत्त्याच्या सोनोडाईनसारख्या देशी ॲम्प्लिफायरवर किंवा युरोपीय सेटवर गोल पाच पिनांचं डिन सॉकेट असेल तर नेहमीच्या आरसीए पिनांशी ते जुळवणारी वायर मिळते. आणि चाळीस हजारांतले तीन-चार हजार त्या ॲम्प्लिफायरच्या सर्व्हिसिंगला बाजूला ठेवा. सिलेक्टर आणि व्हॉल्यूममध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून घेतला तर जो फरक ऐकू येतो, तो दोन डॅकमधल्या फरकाच्या कित्येक पट असतो.

डॅकबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, तेव्हा तेही सांगून टाकतो. डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारा भाग. आज दहा-बारा हजारांच्या आसपासचा चांगल्या कंपनीचा डॅक हे काम इतकं स्वच्छ करतो की त्याची खोट कानाला सापडत नाही. माझ्या एका ग्राहकांची पक्की खात्री होती की नव्या डॅकवर आवाज ‘उघडा आणि जिवंत’ आहे आणि जुन्या प्लेअरवर ‘बसका’. मी मल्टिमीटर काढला, १०० हर्ट्झचा सूर लावला आणि दोघांचं आउटपुट मोजलं. (साधे मल्टिमीटर वरच्या सुरांना खोटं बोलतात, म्हणून १०० हर्ट्झ.) जुना १.४ व्होल्ट, नवा २.१. म्हणजे साडेतीन डेसिबलचा फरक. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो, यात कुणाचीच चूक नाही, आपण सगळे तसेच बनलेले आहोत. पातळ्या जुळवल्या, त्यांच्या मुलीला पडद्यामागे वायरी बदलायला बसवलं. दहापैकी पाच वेळा त्यांनी बरोबर ओळखलं, पाच वेळा चूक. ते नाराज झाले नाहीत. उरलेल्या पैशांत त्यांनी स्पीकरचे भक्कम स्टँड घेतले, आणि तो फरक सगळ्यांनाच ऐकू आला.

फार थोड्या खर्चात सुरुवात करायची असेल तर ॲपलचा यूएसबी-सी ते हेडफोन असा छोटासा डोंगल मोजमापात उत्तम आहे. तो साधारण एक व्होल्ट देतो, तुमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला तर तोच जास्त मानवेल. फक्त अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो, ही जुनी तक्रार आहे. लॅपटॉप किंवा आयफोनला लावा.

लॅपटॉप हा कायमचा सोर्स म्हणून मला आवडत नाही, याचं कारण आवाज नव्हे. विंडोजवर फूबार२००० हे प्लेअर-सॉफ्टवेअर घेऊन वासापी एक्सक्लुझिव्ह मोड लावला की आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत जातात. पण लॅपटॉप दुसऱ्या खोलीत लागतो, अपडेट मागतो, मेलची टिंग वाजवतो. फोनवरून ब्लूटूथ लावलं तर तिहाईच्या समेवर व्हॉट्सॲपचा आवाज स्पीकरमधून पूर्ण ताकदीनं येतो. ब्लूटूथ पाहुण्यांसाठी ठेवा. शांत बसून ऐकायचं यंत्र वेगळं असावं, ज्यात संगीताखेरीज काही नसेल.

विजेच्या तारांतून येणारी घूंऽऽ ही मात्र खरी डोकेदुखी आहे. डेस्कटॉप किंवा डीटीएचचा बॉक्स सिस्टिमला जोडला की कधीकधी स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते, कारण दोन ठिकाणच्या अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण होतं. ही गुणगुण तंबोऱ्याला इतकी बेसूर करते की मन लागत नाही. अशा वेळी ऑप्टिकल वायर वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे वर्तुळ तुटतं. म्हणून डॅक घेताना यूएसबीबरोबर ऑप्टिकल आणि कोएक्सियल इनपुट आहे ना, ते बघा. टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुटही त्याच डॅकला लागेल. जुन्या मैफलींचा केवढा साठा आज फक्त यूट्यूबवर आहे, तो असा ऐकता येईल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑडिओ ‘पीसीएम’ करा, डॉल्बीवर राहिलं तर साधा डॅक मुका बसतो किंवा फक्त खरखर देतो.

आता स्ट्रीमिंग. ते जरूर घ्या, कारण नवं ऐकायला, एकाच रागाचे दहा गायक एका बैठकीत ऐकायला त्यासारखं दुसरं काही नाही. ॲपल म्युझिकनं २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस (दर्जा न घटवलेला) ध्वनी दिला. स्पॉटिफाय त्या बाबतीत २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत मागे होतं. पण तुमचं वर्षानुवर्षांचं संगीत त्या भरवशावर सोडू नका. २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं आणि काही आठवड्यांतच सारेगामाशी वाद होऊन, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. करार होईपर्यंत, २०२० च्या जूनपर्यंत, तो सगळा खजिना तिथे नव्हता. विंक म्युझिक हे आख्खं ॲपच २०२४ मध्ये बंद झालं. यंत्रांचंही तसंच. गुगलनं क्रोमकास्ट ऑडिओ २०१९ मध्ये बंद केलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून लोकांच्या घरातली चालू यंत्रं काही दिवस अडून बसली. याच्या उलट लॉजिटेकनं स्क्वीझबॉक्स हा नेटवर्क प्लेअर बनवणं २०१२ मध्ये थांबवलं, पण त्याचा सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे लोकांनी तो जिवंत ठेवला. आज तो लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं चालतो आणि माझ्या स्वतःच्या घरी रोज वाजतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. एकाच जुन्या ध्वनिमुद्रणाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये जो फरक असतो, तो कुठल्याही दोन यंत्रांत नसतो. खरखर काढायच्या नादात काही पुनर्मुद्रणांत तंबोऱ्याचे वरचे स्वर पुसले गेले आहेत. जवारीची ती सोनेरी कड जाते आणि गायकाच्या मागे नुसता धुरकट घुमारा उरतो. स्ट्रीमिंगवर कोणती आवृत्ती येईल ते तुमच्या हातात नसतं, अनेकदा रागाचं नावही चुकीचं असतं. तुमच्याकडे अलूरकर म्युझिक हाउसच्या किंवा एचएमव्हीच्या सुरुवातीच्या सीडी असतील तर त्या लाखमोलाच्या आहेत. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तशी दुकानं आता राहिली नाहीत. त्या आवृत्त्या पुन्हा मिळणं अवघड आहे.

‘हाय-रेस’ची चिंता सोडा. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेस ध्वनीच्या वाटेत सीडीच्या दर्जाची गाळणी घालून लोकांना फरक ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. नंतरच्या काही अभ्यासांत अगदी किंचित फरक दिसला, तोही कसून ऐकणाऱ्यांना. तुमचा साठा मुळात सीडीचा आहे आणि त्यातला पुष्कळसा भाग टेपवरून आलेला. त्याला २४ बिटचा शिक्का मारून काही वाढत नाही.

मग घ्यायचं काय? तुम्हाला थोडी खटपट करायची हौस असेल तर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, त्याला यूएसबीनं जोडलेली एक एसएसडी, आणि डॅक. त्यावर व्होल्युमिओ, मूड किंवा पायकोअरप्लेअर यांपैकी एक संगीत वाजवणारं सॉफ्टवेअर टाका. फोन हा फक्त रिमोट राहतो. नाशिकला पावसाळ्यात वीज जात असेल तर मी पायकोअरप्लेअर सुचवेन. तो सुरू झाल्यावर मेमरीतूनच चालतो, पायच्या मेमरी कार्डावर सतत लिहीत नाही, त्यामुळे अचानक वीज गेली तरी कार्ड खराब व्हायची भीती फार कमी. बाकीच्या पद्धतींत असा धक्का बसून कार्ड गेलेले मी डझनभर तरी पाहिले आहेत. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटर आणि पाय दोन्ही त्यावर घ्या. आरसीसीच्या भिंतींतून वायफाय रडतं, जमलं तर लॅनची वायर ओढा.

खटपट नको असेल तर वीमसारखा तयार स्ट्रीमर घ्या, पण दोन गोष्टी तपासून: गॅपलेस आहे का, आणि त्याच मॉडेलला यूएसबी डिस्क थेट लागते का. काही मॉडेलना लागते, काहींना घरात वेगळा सर्व्हर लागतो. या दोन्ही मार्गांनी चाळीस हजारांतले पैसे उरतील.

रिप करायला बाहेरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही अ‍ॅक्युरेटरिपशी ताळा घेतात, म्हणजे जगात इतर कुणी हीच सीडी उतरवली असेल तर तुमचे आकडे त्यांच्याशी जुळतात की नाही ते सांगतात. देशी सीडी त्यात नेहमीच सापडत नाहीत. तेव्हा दोनदा वाचून दोन्ही वाचनं जुळवायचा पर्याय निवडा. फाइली फ्लॅकमध्ये ठेवा. एक सीडी साधारण तीनशे ते चारशे एमबी होते, म्हणजे तुमचा सगळा साठा दीडशे जीबीच्या आसपास मावेल. सीडी पुसताना मऊ कापडानं मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसा. गोल फिरवू नका. आडवा ओरखडा वाचताना सीडीची चूक सुधारायची यंत्रणा सावरून घेते, पण ट्रॅकच्या दिशेनं गेलेला ओरखडा लांबलचक मजकूर एकदम खातो. आणि लक्षात ठेवा, मजकूर असतो तो छापील बाजूच्या पातळ थराखाली. खालची बाजू सव्वा मिलिमीटर जाड प्लॅस्टिकची आहे, वरची बाजू जास्त नाजूक.

नावं घालण्यात मात्र कष्ट आहेत, आणि ते आधीच ठरवून केले नाहीत तर पुढे काही सापडत नाही. ही सगळी सॉफ्टवेअर ‘गायक, अल्बम, गाणं’ या साच्यात विचार करतात. आपल्याला राग हवा, ताल हवा, बंदिश हवी, साथीदार हवेत. मी असं करतो: अल्बमच्या नावात आधी राग, मग कंपनी आणि साल माहीत असेल तर साल. ट्रॅकच्या नावात बंदिशीचे पहिले शब्द आणि ताल. ‘जॉनर’मध्ये ख्याल, ठुमरी, नाट्यपद, अभंग, भावगीत. संगीतकाराचा रकाना भावगीतांसाठी आणि नाट्यपदांसाठी नक्की भरा. तबला-पेटीची नावं ‘कॉमेंट’मध्ये. सगळ्यात महत्त्वाचं, गायकाचं नाव एकाच पद्धतीनं लिहा. ‘पंडित भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि ‘पं. भीमसेन जोशी’ हे यंत्राला तीन वेगळे गायक वाटतात. फ्लॅकमध्ये देवनागरी बिनतक्रार चालते, तेव्हा मराठीतच लिहा. रोज संध्याकाळी दोन-तीन सीडी केल्या तर चार-पाच महिन्यांत काम उरकतं. त्या निमित्तानं सगळं पुन्हा ऐकूनही होतं. झाल्यावर दोन प्रती ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

सुरुवात मात्र कंपनीच्या छापील सीडींपासून करू नका. वडिलांनी कॉपी केलेल्या त्या वीस सीडी आधी घ्या, शक्य झाल्यास याच आठवड्यात. छापील सीडीत खड्डे दाबून केलेले असतात. घरी केलेल्या सीडीत रंगाच्या थरात लेसरनं खुणा केलेल्या असतात, आणि तो रंग उजेडानं, उष्णतेनं, दमटपणानं फिका होत जातो. वीस वर्षांच्या अशा सीडी मी हातात घेतल्या आहेत, ज्या मागच्या दिवाळीत वाजत होत्या आणि या दिवाळीत वाचल्या गेल्या नाहीत. कमी वेगावर वाचा. एका ड्राइव्हवर अडली तर दुसऱ्यावर, शेजाऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर, मिळेल तिथे लावून बघा. एकाला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं, आणि शेवटचे ट्रॅक बहुधा आधी जातात, म्हणून शेवटापर्यंत वाचलं गेलं ना ते तपासा. या मैफलींची प्रत दुसरीकडे कुठेही नाही, कुठल्याही सेवेवर येणार नाही. कव्हरवर वडिलांनी हातानं तारीख, राग, कुणाकडे मैफल झाली असं लिहिलेलं असेल, तर दिवसाच्या उजेडात त्याचा सरळ फोटो काढा आणि त्या फोल्डरमध्ये ‘कव्हर’ म्हणून ठेवा. ती मैफल लावली की फोनच्या पडद्यावर त्यांचं अक्षर येईल.